मागच्या सीटचा इतिहास: दोघांसाठी परवडणारी अ‍ॅडव्हेंचर बाइक

इंदूर असो, बडोदा असो, बेळगाव असो की हैदराबाद, मोटरसायकलवर दोघं बसले की मराठी माणसाच्या तोंडी एकच शब्द येतो : डबलसीट. इंग्रजीत त्या मागच्या जागेला पिलियन म्हणतात, आणि तो शब्द मोटरसायकलच्या कितीतरी आधीचा आहे. घोडेस्वाराच्या खोगिरामागे एक छोटी गादी बांधत आणि तिच्यावर बहुधा बाई बसे. त्या गादीचं नाव पिलियन. शब्द गेलिक भाषेतून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'कातडं' या अर्थाचा शब्द आहे. म्हणजे बघा, त्यांच्या शब्दात मागचा माणूस म्हणजे मूळ स्वाराला जोडलेली एक गादी, आणि आपल्या शब्दात सरळ दोन जागा मोजलेल्या. आजचा सगळा विषय या दोन शब्दांमधल्या फरकाचा आहे.

हा विषय घेण्याचं कारणही सांगतो. मला एक प्रश्न सतत विचारला जातो. 'बजेट दोन-अडीच लाख. मी आणि बायको, किंवा मी आणि भाऊ, किंवा मी आणि आई. स्पितीला जायचंय, लडाखला जायचंय. अ‍ॅडव्हेंचर बाइक कोणती घेऊ?' लोक उत्तरादाखल सीसी आणि अश्वशक्तीचे आकडे सांगतात. मला वाटतं, आधी ही गाडी जन्माला कशी आली ते पाहावं. कारण अ‍ॅडव्हेंचर बाइकची घडण एकट्या स्वारासाठी झाली आणि भारतातली मोटरसायकल पहिल्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांची राहिली. परवडणारी अ‍ॅडव्हेंचर बाइक या दोन इतिहासांच्या मधे अडकलेली आहे.

सुरुवातीच्या मोटरसायकलींना मागे शॉकअप नव्हताच. मागचं चाक थेट चेसिसला घट्ट बसवलेलं असे. पुढे बसणाऱ्याला निदान स्प्रिंगवाली सीट मिळे, मागच्याला मडगार्डवर आवळलेली एक गादी. रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट त्याच्या मणक्यात. म्हणून लांबच्या प्रवासाला दोघं निघाले की साइडकार जोडत. १९३४ च्या डिसेंबरात थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेन्किरन या दोन तरुणी लंडनहून निघाल्या आणि सहारा ओलांडून १९३५ मध्ये केपटाउनला पोहोचल्या. त्यांची गाडी होती ६०० सीसीची पँथर, एक सिलिंडरची. तिला साइडकार आणि मागे ट्रेलर. दोन माणसं, त्यांचं सामान आणि रस्ता नसलेला मुलूख, हे गणित त्या काळात असं सुटत होतं. हंगेरीचे झोल्तान शुल्कोव्स्की आणि ग्युला बार्था हे दोघं मित्रही १९२८ पासून आठ वर्षं साइडकार जोडलेल्या हार्ले-डेव्हिडसनवरच जग फिरले.

मागच्या सीटवर माणूस तासन् तास बसू शकेल, ही शक्यता आली ती मागच्या चाकाला स्प्रिंग मिळाल्यावर. आणि इथे आपली ओळखीची गाडी येते. १९४८ साली इटलीत सॅन रेमोला झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या शर्यतीत ब्रिटिश संघाकडून दोन नव्या बुलेट धावल्या. त्यांना मागे स्विंगआर्म होता, म्हणजे वरखाली हलणारा हात आणि त्यावर शॉकअप. दोन्ही स्वारांना सुवर्णपदकं मिळाली. तीच रचना घेऊन बुलेट बाजारात आली, भारतात आली, सीमेवर गस्त घालायला लष्कराने ती घेतली, आणि १९५५ साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. आज लोक बुलेटला शहरातली रुबाबदार गाडी समजतात. तिचा मागचा शॉकअप चिखलात आणि दगडांत पारखून घेतलेला होता, हे कोणी सांगत नाही.

पुढची तीस वर्षं भारतात 'अ‍ॅडव्हेंचर' हा शब्द कुठेच नव्हता. म्हैसूरची जावा, नंतर येझदी, एस्कॉर्ट्सची राजदूत, आणि बजाजची स्कूटर. स्कूटरवर पुढे उभं मूल, मध्ये वडील, मागे आई आणि तिच्या मांडीवर धाकटं. कायद्यात बसत नव्हतं, पण देश असाच फिरत होता. स्कूटरला स्टेपनी होती, पाय ठेवायला सपाट जागा होती, आणि मागची सीट जमिनीपासून फार उंच नव्हती. लुगडं-साडी नेसलेल्या बाईला ती चढता येत होती. या एका गोष्टीसाठी कित्येक घरांत मोटरसायकल आलीच नाही.

कायद्याचं म्हणाल तर त्यात हा भारतीय इतिहास फार छान उतरलाय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १२८ सांगतं की चालकाशिवाय एकच माणूस नेता येईल, आणि तोही चालकाच्या मागे पक्क्या बसवलेल्या सीटवर. ट्रिपलसीटचा दंड इथून येतो. आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांतला नियम १२३ तर वाचण्यासारखा आहे. मागच्या माणसाला धरायला पक्कं हँडल हवं, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, कशासाठी, तर मागे बसलेल्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. हा आपला साडीगार्ड! दिल्लीच्या राजपत्रात आपल्या घरच्या बाईचा पदर असा येऊन बसलेला आहे. म्हणूनच जगभर विकली जाणारी गाडी भारतात आली की तिच्या डाव्या अंगाला ही जाळी लागते. नवी अ‍ॅडव्हेंचर बाइक घेतलेले तरुण पहिल्या आठवड्यात काय करतात, तर 'लुक बिघडतो' म्हणून ती जाळी काढून टाकतात. मागे ओढणीवाली बहीण बसणार असेल तर हा मूर्खपणा आहे, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

आता युरोपात काय चाललं होतं ते पाहू. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून पहिली डाकार रॅली निघाली. मोटरसायकलींत ती जिंकली सिरिल नव्हूने, यामाहा एक्सटी ५०० वर. हलकी, एक सिलिंडरची, एकट्याची गाडी. १९८० साली बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस काढली. ८०० सीसीच्या घरातलं इंजिन, ५० अश्वशक्ती. जी म्हणजे जर्मनमध्ये मोकळं रान, एस म्हणजे रस्ता. एवढं मोठं इंजिन मातीत कोण नेणार, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं. १९८१ ला ह्यूबर्ट ऑरिऑलने याच घराण्यातल्या गाडीवर डाकार जिंकली आणि तो प्रश्न मिटला.

इथे एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. साध्या जी/एसला लांब, सपाट, दोघांची सीट होती. लोकांनी ती घेतली, मागे माणूस बसवला, दोन्ही बाजूंना पेट्या लावल्या आणि आल्प्सपासून आफ्रिकेपर्यंत फिरले. मग डाकारच्या यशानंतर कंपनीने 'पॅरिस-डाकार' नावाची खास आवृत्ती काढली. तिची टाकी ३२ लिटरची, आणि सीट एकट्याची. मागच्या माणसाच्या जागी सामानाचं कॅरिअर! म्हणजे एकाच गाडीची दोन रूपं. एक जोडीने जाणारं, दुसरं एकट्याने वाळवंट मारणारं. भिंतीवरच्या पोस्टरवर दुसरं गेलं. पुढे २००४ मध्ये इवन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन यांची 'लाँग वे राउंड' ही मालिका आली आणि मोठ्या जीएसचं वेड जगभर पसरलं. त्यातही दोन मित्र, दोन गाड्या, मागची सीट सामानाला. तेव्हापासून अ‍ॅडव्हेंचर बाइकची जाहिरात पाहा : क्षितिजाकडे जाणारा एकटा माणूस. आपण जाहिरात बघून गाडी घेतो आणि मागे बसलेला माणूस विचारतो, 'धरायचं कुठे?'

भारतात परवडणाऱ्या किमतीत हा प्रकार पहिल्यांदा मनापासून करून पाहिला तो हिरोने. २०११ ची इम्पल्स, दीडशे सीसी, उंच, लांब पल्ल्याचे शॉकअप. ती चालली नाही. अ‍ॅव्हरेज विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला ती उंच वाटली आणि डोंगर विचारणाऱ्याला अशक्त. मग मार्च २०१६ मध्ये रॉयल एन्फिल्डची हिमालयन आली. ४११ सीसी, २४.५ अश्वशक्ती, ३२ न्यूटन-मीटर टॉर्क, पुढचं चाक २१ इंची, १५ लिटरची टाकी, आणि सीटची उंची ८०० मिलिमीटर. कागदावर अश्वशक्ती पाहून अनेकांनी नाकं मुरडली. पण ज्याने ती गाडी बनवली त्याने लेह रस्त्यावर मागे माणूस बसवून काय होतं ते पाहिलेलं असावं असं मला नेहमी वाटतं. ताकद खालच्या फेऱ्यांतच मिळते, सीट बुटकी आहे, आणि सामान बांधायला जागा आहे. रॉयल एन्फिल्डच्या गाडीला मागे मोनोशॉक लागला तो पहिल्यांदा हिच्यातच.

२०१९ ला हिरो परत आला, एक्सपल्स २०० घेऊन. दिल्लीत एक्स-शोरूम ९७ हजारांना. इतक्या स्वस्तात इतकी खरीखुरी मातीतली गाडी जगात फार ठिकाणी मिळत नव्हती. १८ अश्वशक्ती, १९० मिलिमीटर पुढचा आणि १७० मागचा शॉकअपचा पल्ला, सीट ८२३ मिलिमीटर. सायलेन्सर उजवीकडून वर उचललेला, पाण्यातून जाताना आत पाणी शिरू नये म्हणून. एकट्यासाठी ही माझी आवडती गाडी. पण दोघं बसले आणि पुढे घाट आला की १८ अश्वशक्ती म्हणजे काय ते कळतं. २०२० ला केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर, २०२२ ला सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स, २०२३ च्या नोव्हेंबरात गोव्यात नवी हिमालयन ४५०, २०२५ ला एक्सपल्स २१० अशी रांग लागली.

आता निवडीकडे येतो. पहिलं म्हणजे वजन मांडा. समजा चालवणारा ७५ किलो, मागचा माणूस ६० किलो, दोघांची हेल्मेट, जॅकेट, बूट मिळून १० किलो, आणि आठवड्याचं सामान २० किलो. झाले १६५. व्ही-स्ट्रॉम एसएक्सचं स्वतःचं वजन १६७ किलो आहे! म्हणजे तुम्ही गाडीवर आणखी एक गाडी ठेवताय. प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत एक एकूण कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून इंधनासह गाडीचं वजन वजा केलं की तुमच्या वाट्याला किती उरतं ते कळतं. शोरूममध्ये मायलेज सगळे विचारतात, हा आकडा कोणी विचारत नाही. तो तुमच्या बेरजेपेक्षा कमी निघाला तर ती गाडी कितीही आवडली तरी तुमच्या कामाची नाही.

हे वजन पडतं कुठे, तर मागच्या चाकावर. मागचा शॉकअप दबतो, गाडी नाक वर करते, हेडलाइटचा झोत समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत जातो, आणि पुढचं चाक हलकं होऊन वळणावर उशिरा वळतं. त्यावर उपाय म्हणजे मागच्या स्प्रिंगचा ताण वाढवणं, ज्याला प्रीलोड म्हणतात. वर सांगितलेल्या नव्या गाड्यांत ती सोय आहे. बऱ्याच जणांनी गाडी घेतल्यापासून तिला हात लावलेला नसतो. टूलकिटमधला तो आकडीसारखा पाना त्यासाठीच असतो. मागच्या टायरची हवाही दोघांसाठी वेगळी असते आणि ती गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेली असते.

दुसरी गोष्ट उंचीची. मनाली-लेह रस्त्यावर तुम्ही पाच हजार मीटरच्या आसपास जाता. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. इंजिनाला प्राणवायू तेवढाच कमी, म्हणून ताकदही त्याच बेताने उतरते. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण सांभाळतं, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरसारखी गाडी काळा धूर ओकत गुदमरत नाही. पण नसलेली हवा ते कुठून आणणार? २४ अश्वशक्तीची गाडी वर १३-१४ ची होते, १८ ची दहाच्या घरात येते. त्यात १६५ किलो आणि चढावरचा हेअरपिन. क्लच जळतो तो इथे. अशा वेळी मागच्याला उतरून चालावं लागतं, आणि त्या उंचीवर चालणं म्हणजे काय ते चाललेल्यालाच विचारा. एकट्याला पुरणारी गाडी दोघांना पुरत नाही, हे इतकं रोखठोक आहे.

तिसरी गोष्ट, सीटची उंची. अ‍ॅडव्हेंचर बाइक उंच असायचीच. पण एकट्याने एका पायाच्या बोटांवर गाडी तोलणं वेगळं आणि मागे कोणी चढत असताना तोलणं वेगळं. ३९० अ‍ॅडव्हेंचरची सीट आली तेव्हा ८५५ मिलिमीटर होती. साडेपाच फुटांच्या माणसाला ती एकट्याने जमेल. खडीवर, उतारावर, डबलसीट, मला तरी धाडस वाटतं. जुन्या हिमालयनची ८०० ची सीट इथे सोनं आहे. नव्या ४५० ची ८२५ आणि ८४५ अशी दोन उंचींवर बसवता येते. आणि एका बाजूला पाय टाकून बसणं या गाड्यांवर नको. गावातल्या गावात ठीक, घाटात सगळा तोल डावीकडे जातो. साडीऐवजी सलवार, पॅण्ट, काहीही, पण दोन्हीकडे पाय टाकून.

मग घ्यायची कोणती? माझं मत सांगतो. डांबरी रस्ता नव्वद टक्के आणि अधूनमधून कच्चा, अशी तुमची भटकंती असेल, म्हणजे हैदराबादहून हंपी, बडोद्याहून कच्छ, इंदूरहून मांडू, तर व्ही-स्ट्रॉम एसएक्स. २६.५ अश्वशक्ती, हलकी, मागची सीट ऐसपैस. डोंगर हेच वेड असेल आणि पैसे बेताचे असतील तर नीट राखलेली जुनी ४११ हिमालयन शोधा. सावकाश जाते, पण दोघांना घेऊन जाते. हात सैल सोडता येत असेल तर ४५०. ४० अश्वशक्ती, १७ लिटरची टाकी, दोन्हीकडे २०० मिलिमीटरचा पल्ला. एक्सपल्स २०० मी दोघांसाठी सुचवणार नाही. दोघंही सडपातळ असतील आणि घाई नसेल तर गोष्ट वेगळी. २१० मध्ये ताकद २४ च्या पुढे गेली आहे, तेव्हा ती यादीत ठेवा.

किमतीतही एक ताजा इतिहास आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांचा ४० टक्के झाला. आधी उपकर धरून ३५० च्या अलीकडे-पलीकडे तीन टक्क्यांचा फरक होता, आता बावीसचा आहे. सरकारी कागदावरची ही एक रेघ आता सामान्य माणसाची गाडी ठरवते. त्यात रोड टॅक्स राज्यागणिक वेगळा. कर्नाटकातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. म्हणून एक्स-शोरूम आकड्यावर बेत आखू नका. तुमच्या गावची ऑन-रोड किंमत घ्या, आणि तिच्यात दुसरं चांगलं हेल्मेट, दुसरं जॅकेट, दुसरे हातमोजे धरा. हेल्मेट मागच्यालाही सक्तीचंच आहे, कलम १२९. अनेक घरांत पुढच्याचं आठ हजारांचं आणि मागच्याचं रस्त्याकडेचं पाचशेचं असतं. दोन्ही डोकी एकाच वेगाने जात असतात.

टेस्ट राइडला एकटे जाऊ नका. शोरूमवाले एकट्यालाच सोडू पाहतात, चौकापर्यंत आणि परत. ज्याला मागे बसवायचंय त्याला सोबत न्या, अर्धा तास मागा, आणि एक तरी स्पीडब्रेकरवाला रस्ता घ्या. मागच्याचे गुडघे किती दुमडतात, हँडल हाताला येतं का, ब्रेक दाबला की तो तुमच्या पाठीवर घसरतो का, उजव्या पोटरीला सायलेन्सरची धग लागते का, हे त्यालाच कळणार. परत आलात की सेल्समनने तोंड उघडायच्या आत त्याला विचारा.